‘मॅडम, हे तर इंजिनिअर लोकांचं काम’ म्हणणाऱ्या वर्गाला प्रोजेक्ट मॅनेजमेंट कसं शिकवायचं?

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बीबीएला शिकवते. यंदा तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा पेपर माझ्याकडे आलाय. मी स्वतः एमकॉम, नेट झालेली, कंपनीत कधी काम केलेलं नाही. वर्गात ६० मुलं, बरीचशी शेतकऱ्यांच्या नाहीतर दुकानदारांच्या घरातली. पर्ट-सीपीएमची (कामांचं वेळापत्रक आखायच्या दोन पद्धती) गणितं सोडवतात, पण ‘मॅडम, हे तर इंजिनिअर लोकांचं काम, आम्हाला याचा काय उपयोग’ असं विचारतात आणि मला धड उत्तर देता येत नाही. आसपास आयटी कंपनी नाही, व्हिजिटला बजेट नाही, आणि एचओडी म्हणतात पोर्शन वेळेत संपवा. नोकरी-धंद्यात हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते मुलांना कसं दाखवू? सर्टिफिकेट करू का असंही विचारतात, त्यांना काय सांगू?
(एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर:

ताई, आसपास कंपनी नाही म्हणता, पण तुमच्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत ना! मी बरीच वर्षं पुण्यात प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून काम केलंय आणि मनापासून सांगते, हा विषय डोळ्यांनी बघायचा असेल तर ऑफ सीझनमधल्या साखर कारखान्यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही.

विचार करा. हंगाम संपला की कारखाना बंद होतो आणि पुढच्या हंगामाच्या आत सगळी दुरुस्ती उरकायची असते. मिलचे रोलर काढून दुरुस्तीला जातात, बॉयलरच्या ट्यूबा तपासायच्या, टर्बाईन उघडायचं, पंप, चेन, गिअर सगळं बघायचं. त्याच वेळी ऊसतोड आणि वाहतुकीचे करार चालू, टोळ्यांना उचल द्यायची, त्यासाठी बँकेकडून पैसे उभे करायचे, बॉयलर इन्स्पेक्टरची तपासणी करून घ्यायची, साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना आणायचा. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन होतं, मग मोळी टाकतात आणि हंगाम सुरू. तारीख चुकली तर काय होतं हे तुमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांना घरूनच माहीत असेल, ऊस रानात उभा राहतो आणि टोळी कधी येणार म्हणून वडील रोज फोन करत बसतात.

आता यातली किती कामं इंजिनिअरची आहेत बघा बरं. टर्बाईन उघडणं त्यांचं. पण सुटा भाग कधी मागवायचा, तो यायला किती दिवस लागतात, तीन कोटेशनं कोणी घ्यायची, ऍडव्हान्स कोणी मंजूर करायचा, करार कोणी करायचे, परवान्याचे कागद कोणाकडे अडलेत याचा पाठपुरावा कोणी करायचा, ही सगळी कामं कॉमर्स आणि मॅनेजमेंटवाल्यांची, आणि खरं सांगायचं तर उशीर जास्त करून इथेच होतो. मुलांच्या प्रश्नाला हे माझं पहिलं उत्तर.

यातली गंमत अशी की सीपीएम जन्मालाच आलं ते कारखान्यात. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट या केमिकल कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या कम्प्युटर कंपनीचे जेम्स केली यांनी मिळून ते तयार केलं, नवीन प्लांट बांधण्यासाठी, आणि पुढे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करायची असेल तर त्यासाठीही. म्हणजे तुमच्या शेजारच्या कारखान्यात जे चाललंय जवळपास तेच. आणि त्यांचा मूळ प्रश्न पैशाचा होता, काम लवकर संपवायला किती जास्त खर्च करणं परवडतं? पर्ट त्यानंतर १९५८ मध्ये अमेरिकेच्या नौदलात आलं, पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी, तिथे अडचण वेगळी होती, आधी कोणी ते काम केलेलंच नव्हतं त्यामुळे दिवस किती लागतील हे नक्की सांगता येत नव्हतं, म्हणून तीन अंदाज घ्यायचे, लवकरात लवकर, साधारणपणे, आणि उशिरात उशिरा. पुस्तकात दोन्ही एकाच धड्यात दाटीवाटीने बसवलेली असतात आणि मुलांना वाटतं ही गणिताची दोन नावं आहेत. आधी या दोन ठिकाणच्या अडचणी सांगा, मग सूत्र.

कारखान्याच्या व्हिजिटला बसचं बजेट नसेल तर उलट करा, चीफ इंजिनिअर, स्टोअर किंवा परचेसचा माणूस आणि शेती अधिकारी यांना कॉलेजात बोलवा, तासाभरासाठी. पण ‘तुमचे अनुभव सांगा’ असं मोघम बोलवू नका, नाहीतर भाषण होतं, सत्कार होतो, नारळ-शाल होते आणि मुलांच्या हाती काही लागत नाही. मुलांकडून आधी प्रश्न लिहून घ्या. कुठलं काम अडलं की सगळंच अडतं? मागवल्यावर यायला सगळ्यात जास्त वेळ लागणारी वस्तू कुठली? मशिन उघडल्यावर आत नवीनच बिघाड सापडला तर वाढीव खर्चाला हो कोण म्हणतं, आणि ते लिहून ठेवतात का? काम मागे पडलंय हे वरच्यांना कोण सांगतं आणि कधी? या चार प्रश्नांत तुमचा क्रिटिकल पाथ, प्रोक्युरमेंट, चेंज कंट्रोल आणि रिपोर्टिंग असे चार धडे येतात.

पण नुसतं ऐकून हा विषय कळत नाही. मुलांना छोटं का होईना, खरं काम द्या, आणि खरं गिऱ्हाईक द्या. एनईपीनंतर, म्हणजे नवीन शैक्षणिक धोरणानंतर, आपल्याकडे फिल्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटचे क्रेडिट आलेत, बऱ्याच ठिकाणी ते फॉर्म भरून आणि फोटो काढून संपवतात, ते तास जर तुमच्या मुलांचे असतील तर एचओडींशी बोलून याला जोडून घेता येतात का बघा. ६० मुलं म्हणजे सहा-सहाचे १० गट. गिऱ्हाईक तुमच्या गावातलंच, किराणा दुकान, पतसंस्था, शेती सेवा केंद्र, मंगल कार्यालय, शाळा, वाचनालय. काम असं हवं जे आठ-दहा आठवड्यांत संपतं, ज्याला एक तारीख आहे, आणि जे झालं की नाही हे बाहेरच्या माणसाला बघून सांगता येतं. ‘ग्राहकांच्या समाधानाचा अभ्यास’ वगैरे नको, ते सर्व्हे झाले. वाचनालयाची पुस्तकांची यादी कम्प्युटरवर आणणं, दुकानाचं हिशेबवहीतलं उधारीखातं एक्सेलवर नेणं, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, असलं काहीतरी.

यात दोन गोष्टी सांभाळा. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र आधी द्या. आणि मुलांनी कोणाच्या रोख पैशाला, जीएसटीच्या लॉगिनला, बँकेच्या पासवर्डला हात लावायचा नाही, हे पत्रातच लिहा.

आता किराणा दुकानाचंच उदाहरण घेऊ, दुकानदाराला बारकोडचं बिलिंग सुरू करायचंय. वर्गात फळ्यावर मांडा. मालाची यादी करायला ६ दिवस. कम्प्युटर-प्रिंटर मागवायला ४ दिवस, तो आला की सॉफ्टवेअर टाकायला १. यादी आणि सॉफ्टवेअर दोन्ही तयार झाल्यावर यादी आत भरायला ५ दिवस, मग स्टिकर चिकटवायला ३, मग ट्रायल २ दिवस. दुकानातल्या पोरांना शिकवायला २ दिवस, ते सॉफ्टवेअर आल्यावर कधीही, फक्त ट्रायलच्या आधी. यादीकडून मोजलं तर ६, ५, ३, २ मिळून १६ दिवस. कम्प्युटरकडून मोजलं तर ४, १, ५, ३, २ मिळून १५.

इथे थांबा आणि विचारा, कम्प्युटर एक दिवस उशिरा आला तर? काही फरक नाही, तेवढा एक दिवस सैल आहे. तीन दिवस उशिरा आला तर? १८ दिवस, म्हणजे दोन दिवस उशीर. आणि आता खरा प्रश्न विचारा. दुकानदार म्हणतो आणखी दोन पोरं लावतो, यादी ६ ऐवजी ४ दिवसांत करा, मग काम किती दिवसांत संपेल? वर्गातली बहुतेक मुलं १४ म्हणतील. उत्तर १५ आहे, कारण यादी लवकर झाली तरी कम्प्युटर यायचाच आहे, आता अडवणारा रस्ता तो झालाय. दोन दिवस वाचवायला दोन पोरांची मजुरी गेली आणि वाचला एकच दिवस. दुकानदाराच्या घरातल्या मुलाला हे पैशात लगेच कळतं, आणि हे एकदा कळलं की परीक्षेतलं दहा मार्कांचं नेटवर्क त्याला अवघड जात नाही. पर्टही इथेच शिकवून टाका. दुकानातल्या जुन्या माणसाला विचारलं की यादीला किती दिवस लागतील, तो म्हणाला झटपट झालं तर ४, साधारण ६, आणि लग्नसराईची गर्दी असली तर १४. चार अधिक सहाची चारपट अधिक चौदा, भागिले सहा, उत्तर ७. म्हणजे आपण जे ६ धरून बसलोय तेच मुळात एक दिवस कमी आहे!

हे झालं वेळापत्रक. पण ताई, मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते पुढचं आहे, कारण पुस्तकात याला अर्धं पान असतं आणि नोकरीत दिवसाचा बराच वेळ यातच जातो. प्रोजेक्ट मॅनेजर दिवसभर काय करतो तर कोणी कोणाला काय कबूल केलं ते पक्कं करतो, आणि ते पाळलं जाणार नसेल तर वेळेत सांगतो. चार्ट त्याचीच नोंद असते.

पहिलं म्हणजे कागद, तो एका पानाचा लिहायला लावा. काय करणार, कोणासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, खर्च कोणाचा, झालं असं कशावरून म्हणायचं, आणि काय करणार नाही. हे शेवटचं मुलं हमखास गाळतात, त्यांना ते उद्धट वाटतं. गिऱ्हाईकाला ‘हे आम्ही करणार नाही’ कसं लिहायचं? त्यांना सांगा की लिहिलं नाही तर गिऱ्हाईकाच्या डोक्यात ते आहेच असं धरून चाला. उधारीखातं एक्सेलवर नेणार, पण वसुलीचे फोन आम्ही करणार नाही, मागच्या वर्षीच्या आधीची वही घेणार नाही, असं स्पष्ट लिहायचं आणि दुकानदारासमोर बसून वाचून दाखवून सही घ्यायची. वाचून दाखवताना जी चर्चा होते ना, की अहो पण मला तर तेच हवं होतं, ती चर्चा हाच प्रोजेक्टचा सगळ्यात महत्त्वाचा तास असतो.

दुसरं म्हणजे बदल. तुम्हाला मुद्दाम काही करावं लागणार नाही, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुकानदार स्वतःच फोन करून म्हणेल, पोरांनो तेवढं व्याजाचंही टाका की त्यात. आपल्याकडे मोठ्या माणसाला नाही म्हणायची सवय नाही, मुलं ‘हो काका’ म्हणून मोकळी होतात आणि मग रात्री बसून करत राहतात. इथे त्यांना हो आणि नाही यांच्या मधला रस्ता शिकवा. ‘काका, करता येईल, पण चार दिवस वाढतील, २० तारखेचं २४ होईल, चालेल का? नाहीतर जुनी येणी भरायची राहू देतो आणि हे करतो.’ आणि फोन ठेवल्याबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी, आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे व्याजाचा कॉलम घेतोय, तारीख २४, तुम्ही हो म्हणाल्यावर सुरू करतो. त्याचा ‘हो’ आला की एका वहीत नोंद, काय मागितलं, कोणी, दिवस किती, पैसे किती, हो कोणी म्हटलं. मोठ्या कंपन्यांत याला चेंज रिक्वेस्ट म्हणतात, फॉर्म असतो, कमिटी असते, पण आत हेच असतं. ज्या मुलाला हा मेसेज नीट लिहिता येतो त्याला मी उद्या कामावर घेईन, गँट चार्टचं (कामांच्या वेळापत्रकाचा पट्ट्यांचा तक्ता) सॉफ्टवेअर त्याला आठवडाभरात शिकवता येतं.

तिसरं, आणि हे तुमच्याच हातात आहे, आठवड्याची स्टेटस मीटिंग. एक तास, १० गट, प्रत्येकाला पाच मिनिटं, उभं राहून. या आठवड्यात काय व्हायचं होतं, काय झालं, काय अडलंय, कोणाची मदत हवी. ‘नव्वद टक्के झालंय मॅडम’ हे उत्तर घ्यायचंच नाही, कारण ते पुढच्या आठवड्यातही नव्वदच असतं. कामाचे तुकडे इतके लहान करायला लावा की झालं किंवा नाही झालं एवढंच सांगता यावं. आणि पहिल्याच दिवशी नियम जाहीर करा की उशीर होतोय हे आधी सांगितलं तर मार्क जाणार नाहीत, लपवून शेवटी सांगितलं तर जातील. हा नियम तुम्ही पाळाल तरच चालेल बरं का, पहिला गट येऊन म्हणेल की आमचं काम दहा दिवस मागे आहे तेव्हा तुमच्या चेहऱ्याकडे सगळा वर्ग बघत असेल. त्यांना रागावलात तर पुढे दहाही गट सगळं छान चाललंय असंच सांगतील. मी नोकरीत पाहिलेले जे मोठे घोळ, त्यातल्या बहुतेकांत खालच्या माणसाला दोन महिने आधी माहीत होतं, त्याला सांगायची भीती वाटत होती एवढंच.

त्यामुळे इंटर्नलचे मार्क शेवटच्या निकालाला कमी आणि नोंदींना जास्त द्या. मेळावा पावसात वाहून गेला तरी ज्या गटाने पावसाचा धोका आधी लिहून ठेवला होता, शाळेचा हॉल विचारून ठेवला होता, त्या गटाला चांगले मार्क मिळायला हवेत.

मोठ्या प्रोजेक्टचं एक उदाहरण तरी वर्गात घ्या, आणि ते आपल्याकडचं घ्या, कोकण रेल्वे. १९९० मध्ये कॉर्पोरेशन स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख, रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर ७४१ किलोमीटर, आणि संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला. बोगदे आणि पूल यांच्या गोष्टी मुलांना आवडतील, ऑफिसांत उलटे चालणारे दिवस दाखवणारी घड्याळं लावली होती तेही सांगा, पण बीबीएच्या वर्गात मला भांडवलापासून सुरुवात करायला आवडेल. सुरुवातीला रेल्वे ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६, आणि बाकी बराच पैसा बाँड काढून बाजारातून उचललेला. म्हणजे काम लांबलं की व्याज चालूच. मग गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन झालं आणि तिथलं काम काही काळ थांबलं, आणि पेडण्याच्या बोगद्यात मऊ चिखलमाती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली. आता वर्गाला विचारा, यातला कुठला धोका आधी ओळखता आला असता? गोव्याचा हिस्सा ६ टक्केच होता, पण काम थांबवण्याची ताकद किती होती? हिस्सा किती आणि परिणाम किती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्टेकहोल्डरच्या (प्रोजेक्टशी ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांच्या) धड्यात चौकोन काढून शिकवण्यापेक्षा असं पटकन कळतं.

सर्टिफिकेटचं थोडक्यात सांगते. पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) ही १९६९ पासूनची अमेरिकन संस्था, तिचं पीएमपी हे सर्टिफिकेट सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ते अनुभवी लोकांसाठी आहे, चार वर्षांची डिग्री असली तरी प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. तुमच्या मुलांसाठी त्याच संस्थेचं सुरुवातीचं सर्टिफिकेट सीएपीएम आहे, त्याला अनुभव लागत नाही, २३ तासांचं शिक्षण लागतं, आणि आता त्यात ऍजाईल (छोट्या टप्प्यांत काम करत, बदल सामावून घेत जायची पद्धत) आणि बिझनेस अ‍ॅनालिसिसही असतं. फी डॉलरमध्ये, घरच्यांना जड जाणारी. माझं मत असं की तिसऱ्या वर्षात त्याच्यामागे धावू नये. इंटरव्ह्यूत बदलांची वही आणि आठ आठवड्यांचे स्टेटस रिपोर्ट फाईलमधून काढून दाखवणारा फ्रेशर क्वचितच येतो, आणि असा आला की समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून ऐकतो. प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर किंवा पीएमओतल्या (कंपनीच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिसातल्या) सुरुवातीच्या नोकरीत कामच ते असतं. नोकरी लागल्यावर, कंपनी फी देत असेल तर सीएपीएम जरूर करावं.

पोर्शनचं टेन्शन घेऊ नका. सिलॅबसची प्रत घ्या आणि प्रत्येक युनिटसमोर लिहा की प्रोजेक्टच्या कुठल्या आठवड्यात ते येतंय, एक पानाचा कागद म्हणजे स्कोप, दुकानाचं वेळापत्रक म्हणजे नेटवर्क, पावसाची नोंद म्हणजे रिस्क, कोकण रेल्वे म्हणजे स्टेकहोल्डर आणि फायनान्स. हे पान एचओडींना टर्मच्या आधी दाखवा. उरलेल्या व्याख्या शेवटच्या दोन आठवड्यांत होतात, तोवर मुलांकडे प्रत्येक व्याख्येला स्वतःचं उदाहरण असतं.

आणि तुम्ही कंपनीत काम केलं नाही म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका, पण टर्म सुरू व्हायच्या आधी एक दिवस काढून स्वतः कारखान्यात जाऊन या. स्टोअरमध्ये बसा, मागवलेल्या आणि अजून न आलेल्या मालाची यादी बघायला मागा, आणि दोन महिने अडकलेली एक वस्तू निवडून ती का अडकलीये हे शेवटपर्यंत विचारत जा, परचेस, अकाउंट्स, सप्लायर, जिथवर जाईल तिथवर. तुमचं पहिलं लेक्चर त्यातूनच तयार होईल. बदलांच्या वहीचा आणि एका पानाच्या कागदाचा मराठीतला नमुना माझ्याकडे आहे, हवा असेल तर कळवा, पाठवून देते.